दहा मासे, दहा शून्यं

मी शाकाहारी आहे, हे आधीच सांगून टाकते. नागपूरच्या आमच्या घरात केकसुद्धा अंड्याचा आला नाही कधी. त्यामुळे पुढचं वाचताना तुम्ही म्हणाल, बाई माशांना नाक मुरडतेय. मुरडते ना, खोटं कशाला बोलू? पण दोन हजार सहाच्या जानेवारीत इथे अमेरिकेत, बॉथेलमध्ये मला जी शिसारी आली ती आधी माणसांची आली आणि मग माझी स्वतःची. ती अजून गेलेली नाही.

ज्यांच्याबद्दल सांगायचंय त्या अहिल्याताई तांडेल. उरणच्या बाजूला करंजा म्हणून कोळ्यांचं गाव आहे, तिथल्या. दोन हजार एक साली दिरांनी ग्रीन कार्डावर या दोघा नवराबायकोला इथे आणलं. नवरा एकनाथभाऊ स्कूल बस चालवायचे. अहिल्याताई वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, इंग्रजीची चार वाक्यं घेऊन, शेजारच्या एव्हरेट गावात, बंदराच्या धक्क्याजवळच्या एका फिश प्लांटमध्ये मासे कापायला लागल्या. समुद्रात जाळ्यांचे मोठमोठे पिंजरे सोडून त्यात सॅमन पाळतात, तो सॅमन तिथे येतो. आपले लोक त्याला खुशाल रावस म्हणतात. ते ऐकलं की अहिल्याताईंचं डोकं फिरायचं. "रावस? यांनी रावस कधी बघितलाय तरी काय?" असं म्हणायच्या.

त्यांचा हात असा की सुरी एकदा काट्याला लागली की एका ओढीत अख्खी बाजू सुटून यायची, काट्यावर नावाला मांस राहायचं नाही. पोटात दोन बोटं घातली की मासा उपाशी होता की खाऊन आला, पकडताना किती तडफडला, सगळं सांगायच्या. दोन वर्षांत त्या पाच बायकांच्या लाइनीच्या मुख्य झाल्या. बाकीच्या चौघींत दोघी व्हिएतनामी, एक फिलिपिनो, एक मेक्सिकन. एकीचं इंग्रजी दुसरीला कळत नसे, पण काम कधी अडलं नाही. "माझ्या हातून मासा नासला असं करंजाच्या बाजारात माझी सासूसुद्धा कधी बोलली नाही," हे त्या मोठ्या तोऱ्यात सांगायच्या. सासू कशी होती ते ऐकल्यावर हे केवढं सर्टिफिकेट आहे ते कळायचं.

वीकेंडला त्या पोळ्या करून द्यायच्या. आमच्या भागातली सगळी सॉफ्टवेअरची घरं शुक्रवारी त्यांच्या दारात. मऊसूत, पदर सुटलेल्या पोळ्या, चाळीस-चाळीसचे गठ्ठे. आमच्या घरीही यायचे. मग महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत कोणीतरी गप्पा मारता मारता विचारलं, ताई, आठवडाभर काय करता? त्यांनी सरळ सांगितलं. लपवायचं काय त्यात? पण पुढच्या शुक्रवारी निम्म्याहून जास्त ऑर्डरी कॅन्सल. कोणाचं डाएट, कोणाची ग्लुटेनची ॲलर्जी, कोणाची सासू येणार. आणि मी? मी फोन करून म्हटलं, "ताई, आम्ही सध्या गहू जरा कमी करतोय."

त्या म्हणाल्या, "माशाचा वास लिंबानं जातो गो, मालिनी. कणीक मळायच्या आधी मी दोनदा हात धुते." आणि फोन ठेवला. मी फ्रिज उघडून उगीचच भाज्या लावत बसले.

आता दुसरा हात. डॉक्टर नरेंद्र पेंडसे, माझे बॉस. आणि मंडळाचे अध्यक्षही तेच. बॉथेलमध्ये आमची लहानशी कंपनी होती, पाळलेल्या माशांसाठी लस बनवणारी. हो, माशांना लस टोचतात. पिंजऱ्यात लाखो मासे एकत्र, एकाला रोग झाला की सगळे जातात. म्हणून मासा गोड्या पाण्यात, पिल्लं वाढवायच्या हॅचरीत, तळहाताएवढा असतानाच त्याच्या पोटात सुई मारतात. मग वर्ष-दीड वर्ष तो समुद्रात वाढतो. मी तिथे रेकॉर्ड्स सांभाळायची. तक्रारी, पत्रं, रिपोर्ट फायलीत लावायची. माशाला हात लावायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. पेंडशांवरही नाही! नऊ वर्षं या माणसाने सॅमनच्या पोटावर संशोधन केलं, परिषदांतून भाषणं ठोकली, आणि सॅमनला एकदाही बोट लावलं नाही. कापायचे टेक्निशियन, फोटो काढायचे टेक्निशियन, हे स्क्रीनवर बघून निदान करणार. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. ज्या माशाच्या जिवावर तळ्याकाठी घर बांधलं त्याचाच विटाळ! आणि हे सगळं अभिमानाने सांगायचे, "आपण बाबा हात स्वच्छ ठेवले." हात खरंच स्वच्छ असायचे. गोरे, मऊ, चंदनाच्या क्रीमचा वास येणारे. मंडळाच्या हॉलमध्ये सामिष डबा आणायचा नाही हा नियमही त्यांचाच.

त्या जानेवारीत अहिल्याताईंच्या प्लांटमधून तक्रार आली. फिलेटवर, म्हणजे काटा काढलेल्या तुकड्यावर, काळे डाग. पोटाकडच्या पातळ भागात, आतल्या बाजूला, रुपयाएवढे, शाई सांडल्यासारखे. खाल्ल्याने माणसाला काही होत नाही, पण दुकानात गुलाबी तुकड्यावर काळं दिसलं की गिऱ्हाईक "शी" म्हणून खाली ठेवतं. व्यापारी माल परत पाठवायला लागले. प्लांटचा मॅनेजर भडकला, त्या माशांना लस आमची होती म्हणून त्याने आम्हाला विचारलं, हे काय आहे? पेंडशांनी बारा फोटो मागवले, जेवणाच्या सुट्टीत पाहिले, आणि लिहून दिलं: हाताळणीत लागलेला मार, कापणाऱ्यांनी मासे आपटल्यामुळे पडलेले डाग. ते पत्र मीच टाइप केलं. मॅनेजरने ते अहिल्याताईंच्या टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, आठवड्याभरात अंतिम तपासणी, आणि ते तसंच निघालं तर पाचही जणींना सुट्टी.

त्या रविवारी दुपारी दारावरची बेल वाजली. अहिल्याताई. हातात बर्फाची पेटी. माझा नवरा शंतनू मुलीला घेऊन पोहायला गेला होता. "आत येऊ?" त्यांनी विचारलं. मी पेटीकडे बघितलं आणि दारातच अडून उभी राहिले.

"ताई, इथे, किचनमध्ये..."

"पेपर पसर. तुझ्या ओट्याला धक्का लागणार नाही." मी पसरले, काय करणार? त्यांनी पेटीतून अख्खा मासा काढला आणि पोट चिरलं. बाप्पा, तो वास! मी सिंकशी जाऊन दोनदा कोरड्या ओकाऱ्या काढल्या. त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही. "झालं? आता ये. मी मजा करायला नाही आले."

मी पदराने, म्हणजे ओढणीने, नाक दाबून लांब उभी राहिले. त्यांनी माशाच्या पाठीवर बोट ठेवलं. "हा बघ मार. पकडताना कुठेतरी आपटला असेल. लाल आहे, रक्त साकळलंय, कातडीखाली आहे. आणि आता हे बघ." पोटाचा पडदा त्यांनी उलगडला. आतून काळं, मध्ये गर्द, कडेला धुरकट. "हे आतून आहे. बाहेरून आपटून आतून काळं कसं होईल? आणि सगळ्यात मोठी गोष्ट सांग मला, तुम्ही शिकलेली माणसं. माझ्या टेबलावर येतो तो मासा मेलेला असतो. मेलेल्याला मारलं तर काळं पडतं काय? काळं पडायला जीव लागतो गो. महिने लागतात. जखम झाली, ती भरत आली, की मग काळं होतं."

इतकं सरळ, आणि नऊ वर्षं संशोधन केलेल्या माणसाच्या लक्षात येऊ नये? की आलं होतं?

"अजून आहे," त्या म्हणाल्या आणि बोटं आत घातली. "जिथे काळं, तिथे आतडं पोटाला चिकटलंय. ओढलं तर सुटत नाही, फाटतं. हे फोटोत नाही दिसायचं. हे बोटालाच कळतं. चांगल्या माशाचं आतडं कसं, सुळकन निघून येतं. दरवेळी जागा तीच, पोटावरच्या परांच्या जरा पुढे. तिथे तुम्ही लोक काय करता?"

मी हळूच म्हटलं, "सुई मारतात. लशीची. त्यात तेल असतं, लस हळूहळू भिनावी म्हणून."

अहिल्याताईंनी सुरी खाली ठेवली. "मग झालं तर," म्हणाल्या. पेपर गुंडाळले, ओटा गरम पाण्याने घासला, लिंबू मागितलं, हात चोळून धुतले. जाताना दारात थांबल्या. "मालिनी, नोकरी जाईल तर जाईल. हॉटेलात चादरी बदलीन. पण माझ्या हातानं मासा नासला हे त्या कागदावर राहता कामा नये. माझ्या चार बायका तिथे माझ्याकडे बघत असतात."

सोमवारी मी ऑफिसात फाइल काढली. लशीसोबत आम्ही सूचनांचं पत्रक देतो, ते मला तोंडपाठ होतं. मासा ठरल्या वजनाचा झाल्याशिवाय टोचू नका. आधी उपाशी ठेवा. पाणी थंड हवं. सुई आखूड नको, लांबही नको, बोथट झाली की बदला, नेम बरोबर मधोमध. हे पाळलं नाही तर तेल भलतीकडे जातं, आत सूज येते, आतडी चिकटतात, डाग राहतात. आमचंच पत्रक! आणि त्याच फायलीत, दोन वर्षांपूर्वीचं, प्लांटच्याच कंपनीच्या हॅचरीचं पत्र: मासे अजून लहान आहेत, पाणीही जरा कोमट आहे, पण समुद्रात न्यायची बोट बुक झालीय, टोचू का? खाली उत्तर होतं, तीन शब्दांचं. टोचा, हरकत नाही. सही नरेंद्र पेंडसे.

मी फाइल घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला, पुसला. "हे बघ मालिनी, डागांची कारणं खूप असतात यार. न टोचलेल्या माशांतही सापडतात." ते खोटं नव्हतं. काही मासे सुईविना डागाळतात, आणि ते का, हे मी तिथे होते तोवर तरी कोणाला धड सांगता येत नव्हतं. पण म्हणून चोर सोडून संन्याशाला फाशी? मी म्हटलं, "डॉक्टर, पोटात हात घालून बघितलं तर कळेल असं कापणाऱ्या बाई म्हणतात." त्यांनी असा चेहरा केला की जणू मीच टेबलावर मासा ठेवलाय. "गुरुवारी जाऊच तपासणीला. तू फॉर्म घे," म्हणाले.

गुरुवारी प्लांटमध्ये अहिल्याताईंनी स्टीलच्या टेबलावर दहा मासे मांडून ठेवले होते. पोटं चिरलेली, आतडी आतच. फरशीवर पाणी, वर पांढरे दिवे, आणि तो वास. रबरी एप्रनमध्ये त्या ताठ उभ्या होत्या. पेंडशांना म्हणाल्या, "डॉक्टर, हात घाला."

पेंडशांचे हात कोटाच्या खिशात. ते बाहेर आलेच नाहीत. "अहो, फोटो आहेत ना," म्हणाले.

"फोटोत नाही दिसत. बोटानं बघा."

"मालिनी बघेल," असं म्हणून हा गृहस्थ मॅनेजरच्या केबिनमध्ये कॉफी प्यायला चालता झाला.

माझ्या हातात फॉर्म. दहा ओळी, आणि एक रकाना: आतडं किती चिकटलंय, शून्य ते सहा. शून्य म्हणजे काहीच नाही, म्हणजेच सुई निर्दोष. मी हातमोजा चढवला. हात माशाच्या पोटापर्यंत नेला. ते थंड, बुळबुळीत, आत काहीतरी चमकतंय. बोटं तिथेच अडली. अहिल्याताई म्हणाल्या, "डोळे मीट. मी मनगट धरते."

"ताई, तुम्ही सांगा ना, मी लिहिते."

"मी सांगून कसं चालेल? माझ्यावरच आळ आहे. दुसऱ्या कोणाचा हात पाहिजे." तेवढ्यात लाइनीवरून त्यांना हाक आली, पट्टा अडकला होता. "घाल, घाबरू नको. मेलेला आहे, चावत नाही," म्हणत त्या गेल्या.

पाच मिनिटं मी एकटी होते. दहा मासे आणि मी. तीनदा हात नेला आणि तीनदा मागे घेतला. काय सांगू तुम्हाला, शरीरच ऐकेना. जन्मभर जे घाण म्हणून शिकवलं त्यात हात कसा जाईल? मग केबिनचं दार किलकिलं झालं. पेंडसे मराठीत म्हणाले, "झालं का? नॉर्मल टाक आणि चल, ट्रॅफिक लागेल." आणि मी टाकलं. शून्य, शून्य, शून्य. एकाखाली एक दहा शून्यं, सुबक अक्षरात, खाली सही. माझं अक्षर चांगलं आहे.

बाहेर पडताना अहिल्याताई धावत आल्या. "घातलास हात?"

मी म्हटलं, "हो."

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा खाली, आणि मान हलवली. शुक्रवारी पाचही जणींना कामावरून काढलं. कागदावर लिहिलेलं होतं: सदोष हाताळणी.

शनिवारी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू. मी गेले. हो, गेले! काळी साडी नेसून, हलव्याचे दागिने घालून गेले, एवढी निर्लज्ज. पेंडसे दारात उभे राहून सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवत होते. कोणीतरी अहिल्याताईंचा विषय काढला, की बिचारीची नोकरी गेली म्हणे. त्यावर पेंडसे हसून म्हणाले, "हाताचाच दोष होता त्यांच्या, सिद्धच झालं. पोळ्या वेळेवर बंद केल्या आपण, बरं झालं." तीन-चार जणी खुदकन हसल्या. मग त्यांनी माझ्या तळहातावर वडी ठेवली. "गोड बोला," म्हणाले. चंदनाचा वास आला आणि मला प्लांटमध्ये आलं नव्हतं एवढं मळमळलं. मी बाथरूममध्ये जाऊन खरोखर ओकले. शी! त्या हाताची शी, त्या वडीची शी, आणि आरशात दिसणाऱ्या त्या हलव्याच्या हाराची तर हजार वेळा शी.

घरी येऊन शंतनूला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुझी नोकरी जाईल." मी म्हटलं, "जाऊ दे." तो म्हणाला, "मग लिही." आमचं लग्न टिकलंय त्याला असे दोन-चार प्रसंग कारण आहेत.

मी प्लांटच्या मॅनेजरला पत्र लिहिलं, पेंडशांना प्रत. त्या दहा माशांना मी हात लावलेला नाही. शून्यं मी न बघता लिहिली. तुमच्याच हॅचरीचं अमुक तारखेचं पत्र आणि त्याचं उत्तर काढून वाचा. आणि मेलेल्या माशाला मार लागून काळा डाग पडतो का, हे कुठल्याही मासे कापणाऱ्या बाईला विचारा. पेंडशांनी मला बोलावून घेतलं. आवाज मऊ. "आपल्या माणसांतली गोष्ट बाहेर कशाला नेलीस? तू जरा इमोशनल झालीस." मी म्हटलं, "डॉक्टर, त्याही आपल्याच होत्या." संध्याकाळी माझं सामान एका खोक्यात भरून गाडीत होतं.

चार दिवसांनी मॅनेजरचा फोन आला. हॅचरीचं पत्र त्याला सापडलं होतं. पाचही जणींना परत घेतो, पगारासकट, म्हणाला. पण अहिल्याताई यायला तयार नाहीत. तुम्हीच समजवा. मी गेले त्यांच्या घरी, हातात माफीची चिठ्ठी घेऊन. एकनाथभाऊंनी दार उघडलं आणि पाठ करून आत गेले. अहिल्याताई टेबलाशी बसून भेंडी चिरत होत्या. मी रडत रडत सगळं सांगितलं. चिठ्ठी पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही.

"तुझा हातमोजा कोरडा होता," त्या म्हणाल्या. "दारातच बघितला मी."

"मग तुम्ही तेव्हा का नाही बोललात?"

"मला वाटलं, तू बोलशील. गाडीत बसशील, थोडं पुढे जाशील, मग तरी बोलशील. आपली आहेस म्हणून वाटलं." भेंडी चिरणं थांबलं नव्हतं. "त्या परक्या मॅनेजरला मी दोष देत नाही. त्याला तुम्ही दोघांनी सांगितलं ते त्यानं ऐकलं. पोळ्या बंद केल्यास तेव्हा मी बोलले काय? तुझं घर, तुझं सोवळं. पण त्या दिवशी मी तुझ्याकडे पोळ्या घेऊन नव्हते आले."

मी म्हटलं, "ताई, सांगा मी काय करू? तुमचं नाव त्या कागदावरून काढायला मी काहीही करीन."

"पत्र नको मला. तू ये, आणि माझ्या बायकांसमोर हात घाल. दहाच्या दहा."

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे मन मोकळं होईल. हॅचरीने त्या वसंतात मासे वजन करून टोचले, पाणी थंड असल्याची खात्री केली, सुया वेळेवर बदलल्या. मॅनेजरने अहिल्याताईंना दोन दिवस तिथे पाठवलं, टोचणाऱ्यांचे हात बघायला. त्या पोरांना त्यांनी काय काय ऐकवलं असेल देव जाणे. दीड-दोन वर्षांनी ते मासे कापायला आले तेव्हा डाग बरेच कमी झाले होते, सगळे गेले नव्हते. पेंडसे आहेत तिथेच आहेत, मंडळाचे अध्यक्षही तेच. हात अजून स्वच्छ.

तर तो दिवस. सोमवार, सकाळचे नऊ. तेच स्टीलचं टेबल, त्याच पिंजऱ्यातले नवे दहा मासे. एका बाजूला मॅनेजर, दुसऱ्या बाजूला चौघी बायका, हात एप्रनवर बांधून. अहिल्याताई टेबलाच्या टोकाला फॉर्म धरून. मी हातमोजा उचलला तर म्हणाल्या, "मोजा नको. मोज्यातून कळत नाही." मग मी बांगड्या काढल्या, बाही वर केली आणि हात घातला.

थंड. त्याहून जास्त सांगवत नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण हात बाहेर काढला नाही. आतडं ओढलं, आलं नाही. पोटाच्या भिंतीला गच्च धरून होतं. बोटाला कळलं, अगदी त्या म्हणाल्या होत्या तसंच, त्याच जागी. "तीन," मी म्हटलं. अहिल्याताईंनी लिहिलं. दुसरा. "दोन." तिसऱ्याला आतडं फाटलं आणि माझ्या मनगटावर घाण उडाली. एक व्हिएतनामी बाई पुढे झाली, फडक्याने पुसलं, परत जागेवर जाऊन उभी राहिली. "चार," मी म्हटलं. "तीन. दोन. तीन. एक. तीन. दोन." नऊ झाले. मॅनेजर हातातल्या जुन्या फॉर्मवरची माझी शून्यं बघत होता.

दहाव्यात हात घातला आणि आतडं सुळकन बाहेर आलं. मी पुन्हा बोटं फिरवली. भिंत गुळगुळीत. कुठे काळं नाही, कुठे चिकटलेलं नाही. मी गोंधळून वर बघितलं. मला वाटलं, आता एवढं झालंय तर याला निदान एक तरी म्हणावं, त्यांच्या बाजूनं. तोंडावर आलंच होतं.

अहिल्याताई माझ्याकडे बघत होत्या. "काय आहे?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, ताई. चांगला आहे."

"मग शून्य सांग ना," त्या म्हणाल्या. "खोटं लिहायला नाही बोलावलं मी तुला."

मी शून्य म्हटलं. त्यांनी ते लिहिलं, फॉर्म माझ्यापुढे सरकवला, आणि मी त्याच ओल्या हाताने सही केली.